येलदरीच्या पाण्यावरची जागल

आबांनी नाव बैलासारखी बांधली, ही गोष्ट मी सहा वर्षं चारचौघांत सांगत आलो. लग्नाच्या मांडवात सांगितली, हुरड्याच्या आगटीभोवती सांगितली, जहाजावर जेवणाच्या टेबलाशी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितली. कुठंही सांगितली तरी माणसं पोट धरून हसायची. मला गोष्ट रंगवून सांगता येते आणि तो आपला गुण आहे, असंच मी समजत होतो. आज ती पहिल्यांदा लिहायला बसलोय. या वेळी हसू येणार नाही, कारण तिचा अर्धा भाग इतकी वर्षं मला माहीतच नव्हता.

मी बोरीजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी समुद्र पाहिला नव्हता. बारावीनंतर मुंबईला जाऊन शिकलो आणि मालवाहू जहाजावर डेकवरचा खलाशी म्हणून लागलो. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. आमच्या भागात नोकरी म्हणजे शाळा, कचेरी, नाहीतर पूर्णेची रेल्वे. त्यामुळं मी नेमकं काय करतो हे गावाला कधी कळलं नाही. मी गोव्यात पर्यटकांना नावेतून फिरवतो, अशी काहीजणांची अजून समजूत आहे आणि ती खोडून काढायचा मी नाद सोडलाय.

आबा म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना आबाच म्हणायचं, म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो. दोन एकर कोरडवाहू, एक बैलजोडी आणि पौर्णिमेला न चुकता विहारात जाणं, एवढ्यात त्यांचं आयुष्य बसलेलं. मी सुट्टीवर आलो की पहिल्या दिवशी त्यांचा एकच प्रश्न असायचा.

"रातच्याला जहाज कुठं बांधतेत?"

मी सांगायचो की रात्रीही ते चालूच असतं. बंदराबाहेर थांबायचं झालं तर मात्र नांगर टाकतात. मग नांगर कसा असतो, कशात रुततो, दोर किती सोडतात, हे सगळं आलंच. आबा मान डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "एकदा दाखीव मला." मी 'दाखवतो की' म्हणायचो. असं म्हणता म्हणता बारा वर्षं गेली आणि आबा सत्तरीला टेकले.

इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गंमत म्हणून सांगताना ती मी नेहमी गाळायचो. जहाजावरून आलो की मला झोप लागत नसे. रात्री बारा ते चार ही माझी पाळी असायची, आणि ती अंगात अशी मुरलेली की घरीसुद्धा बाराच्या ठोक्याला टक्क जाग यायची. मग मी अंगणात येरझाऱ्या घालत राहायचो. आबा बाहेर बाजेवर निजायचे. ते कधी काही बोलले नाहीत, नुसते एकदा खाकरायचे. तेही जागे आहेत एवढं त्यातून कळायचं. रानडुकरांपासून ज्वारी राखायला त्यांनी जन्मभर माळ्यावर बसून जागल केलेली, पत्र्याचा डबा वाजवत रात्री काढलेल्या. त्यांची झोप नेहमीच सावध होती.

तर सहा वर्षांपूर्वी, ज्वारी हुरड्यात आली होती तेव्हा, मी ठरवलं की आबांना दाखवायचंच. समुद्र कुठून आणणार? पण जिंतूरच्या पुढं येलदरीचं धरण आहे. तिथल्या मासे धरणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून फायबरची नाव दोन दिवसांसाठी मागून घेतली. पाच माणसं दाटीवाटीनं आडवी होतील एवढी ती होती. बांबूची डोलकाठी उभी केली. रास झाकायची आमचीच ताडपत्री कापून तिचं शीड केलं. चारठाण्याच्या वेल्डरकडून सळया वाकवून चार नखांचा नांगर करून घेतला. आबांनी तो हातात घेऊन उलटापालटा केला.

"ह्यो तर हिरीतली बादली काढायचा गळ हाय," ते म्हणाले.

"तसाच असतोय, आबा. जहाजाचा मोठा, एवढाच फरक."

"मासे धरणारे तर धोंडा बांधतेत."

"त्यांचं त्यांना. आपण रीतीनं करू."

रीतीनं करायचं, हे माझं त्या दिवसाचं पालुपद होतं. मी त्या दिवशी घरच्या माणसांचा कप्तान झालो होतो. जहाजावर मला कुणी कप्तान म्हणून विचारलं नसतं, म्हणून इथं सगळी हौस फेडून घेत होतो.

आम्ही पाचजण होतो. आबा, माय, माझी बायको आणि नऊ वर्षांची लेक. लाईफ जॅकेट मायच्या लुगड्यावर घातलं तेव्हा ती म्हणाली, "ह्याच्यात मी खंडीभर दिसायले." लेक हसून हसून लोळली. दुपारी वारा आला, ताडपत्री फुगली आणि नाव निघाली. आबांच्या हातात मी शिडाचा दोर दिला. दोराला ओढ बसली तसे ते एकदम ताठ झाले.

"वडायलाय की रं," ते म्हणाले. "नवा बैल जुपल्यावानी वडायलाय."

त्यांच्या तोंडावर तेव्हा जे हसू होतं, तसं मी त्यांच्या तोंडावर फार वेळा पाहिलं नव्हतं. तासभर त्यांनी तो दोर कुणाला दिला नाही. लेकीनं मागितला तर म्हणाले, "थांब माय, जरा." मायनं दोन्ही हातांनी काठ धरून ठेवला होता, पण मधूनच आबांकडं बघून तीही हसत होती. तो तास मला जसाच्या तसा आठवतो. तेवढ्यावर घरी परत आलो असतो तर किती बरं झालं असतं.

पण मुक्काम करायचा होता. रात्री नाव कशी थांबते, हाच तर त्यांचा प्रश्न होता. दिवस मावळायच्या आत मी एका आडोशाच्या जागी आलो. काठाच्या बाजूला, पाण्यात बुडून वाळलेल्या बाभळींचे खुंट वर आले होते. नाववाल्यानं त्यांच्यापासून लांब राहा म्हणून बजावलं होतं. वारा काठाकडून पाण्याकडं वाहत होता. म्हणजे नांगर काठाजवळ टाकला तरी नाव वाऱ्यानं आपोआप खुंटांपासून दूर राहणार, असा माझा हिशोब. दोरीला दगड बांधून आबांनी खोली मोजली, विहीर मोजतात तशी, पुरुषभर उंचीच्या मापानं.

"तीन परस भरलं."

मी नांगर टाकला आणि पंधरा परस दोर सोडला. आबा बघत राहिले.

"एवढं लांब दावं?"

"खोलीच्या पाचपट सोडायचा असतोय. दोर आडवा पडला तरच नांगर रुततोय. आखूड ठेवला तर उपटून येतोय."

"ते खरं. पर वारा फिरला म्हंजे?" त्यांनी खुंटांकडं हात केला. "लांब दाव्याचं जनावर शेजाऱ्याच्या पिकात शिरतंय."

"आबा, हे जनावर न्हाई."

हे मी हसतच म्हणालो, पण त्यात धार होती. बारा वर्षं मी हेच काम करतोय आणि मला शिकवणार कोण, तर ज्यानं परभणीपलीकडचं पाणी पाहिलं नाही तो माणूस. असं काही मी बोललो नाही, पण मनात तेच होतं. आबांना ते कळलं असावं. "तुझ्या मनानं कर," ते म्हणाले.

भाकरी, ठेचा, तिळाची चटणी असं जेवण झालं. अंधार पडल्यावर मी आबांना आणि लेकीला दोन दिवे दाखवले. एक धरणाच्या भिंतीवरचा, एक अलीकडच्या काठावर पाण्याच्या मोटारीच्या खोलीवरचा. ते एकावर एक आले होते. तसेच राहिले तर नाव जागेवर; एकमेकांपासून लांब गेले तर नाव सरकली. जहाज नांगरावर असलं की रात्रभर एक माणूस हेच बघत जागा असतो, असं मी सांगितलं.

"म्हंजे जागल," आबा म्हणाले.

"हो, जागलच. आज तुमी झोपा. आजची जागल माझी."

इथून पुढं मी लोकांना सांगत आलो ती गोष्ट अशी. मी रात्रभर डोळ्यांत तेल घालून जागलो. पहाटे जरासा डोळा लागला, तेवढ्यात आबांनी सवयीनं उठून नाव बैलासारखी आखूड बांधली. नांगर उपटला आणि धाडकन आम्ही बाभळीवर. मग मी आबांची नक्कल करायचो: खाली मान घालून 'चुकलं बाबा' म्हणायचो. हशा तिथंच यायचा.

खरं असं, की मी साडेनऊ-दहालाच झोपलो. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज, अंगावर मायची वाकळ, शेजारी माणसं. बसल्या बसल्या मान पडली ती पडलीच. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि नंतर प्रत्येक वेळी गोष्ट सांगताना माहीत होतं.

धक्क्यानं जाग आली तेव्हा तांबडं फुटत होतं. नाव खुंटांत शिरली होती. एका बाजूला चीर पडून पाणी आत येत होतं, वाकळी भिजल्या होत्या. माय पडून तिच्या कोपराला लागलं होतं आणि लेक तिला धरून रडत होती. नावेच्या पुढच्या टोकाला आबा घोंगडी पांघरून बसले होते. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "झोप झाली का बाबा?"

मला तो टोमणा वाटला. जागल माझी म्हणून मिरवणाऱ्या मुलाला बापानं बायकोपोरीसमोर मारलेला टोमणा. तेवढ्यात माझी नजर दोरावर गेली. पंधरा परसातला जेमतेम चार-पाच परस पाण्यात होता, बाकीचा आत ओढून ठेवलेला, आणि फळीला दाव्याची गाठ. मग माझं डोकंच फिरलं. माझा राग नाकावर, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण आबांवर मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता.

"हे काय बैल हाय का दाव्याला बांधायला? कळत न्हाई त्या कामाला हात कशाला लावला? पोरगी पाण्यात गेली असती म्हंजे?"

आणखीही बोललो. जन्म बैलांच्या मागं गेला त्यानं बैलांचंच बघावं, असंही बोललो. तोवर नाववाला दुसरी नाव घेऊन आला होता, त्याच्याही समोर बोललो. बायको 'अहो, पुरे' म्हणत होती. लेक आबांकडं बघून काहीतरी बोलू लागली, तेव्हा आबांनी मान हलवून तिला गप्प केलं. मला वाटलं, नातीनं आपली बाजू घेऊ नये म्हणून.

"चुकलं बाबा," ते म्हणाले.

काठावर नाववाल्याच्या घरी चहा आला. आबांनी कप घेतला नाही. नंतर मायनं पुढं केलेली भाकरीही त्यांनी मोडली नाही, घोंगडीत हात घालून बसून राहिले. शेवटी लेकीनं भाकरी दुधात कुस्करून त्यांना चमच्यानं भरवली. म्हातारा रुसला, आता नातीकडून लाड करून घेतोय, असं मी बायकोला म्हणालो. म्हणजे ते मी पाहिलं होतं. पाहूनही मला काही दिसलं नाही.

त्यानंतर चार वर्षं आबा होते. मी सुट्टीवर यायचो, जायचो. रात्री जहाज कुठं बांधतात, असं त्यांनी मला परत कधी विचारलं नाही. बघितलं, आता प्रश्न मिटला, असं मी धरून चाललो. आगटीभोवती मी ही गोष्ट सांगायचो तेव्हा कधीकधी तेही बसलेले असायचे. सगळे हसले की तेही हसायचे आणि कणसं उलटी करायचे.

ते गेले, तेव्हा मी जहाजावर होतो. पोचायला सहा दिवस लागले.

यंदा त्यांच्या दुसऱ्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला सगळे नातेवाईक जमले होते. वंदना झाली, जेवणं झाली. कुणीतरी म्हणालं, "ती नावेची गोष्ट सांग की." मी सांगितली. आबांची आठवण म्हणून सांगितली, प्रेमानंच सांगितली. 'चुकलं बाबा'ला सगळा मांडव हसला.

संध्याकाळी मी एकटाच सतरंज्या गोळा करत होतो. लेक आली. आता ती दहावीत आहे, मोजकं बोलते. सतरंजीचं दुसरं टोक धरून ती म्हणाली, "पप्पा, ती गोष्ट आता सांगू नका."

"का?"

"आबांनी मला शपथ घातली होती. पण आज मला ऐकवेना."

मग तिनं सांगितलं. त्या रात्री थंडीनं तिला जाग आली तेव्हा आबा पुढच्या टोकाला बसले होते. पाय फळीला लावलेले, दोर दोन्ही हातांत. वारा फिरला होता. नाव गोल फिरून खुंटांच्या अंगाला आली होती आणि दोर लांब असल्यामुळं त्यांच्यात शिरणारच होती. दोन्ही दिवे कधीचे लांब गेले होते. आबांनी एकट्यानं दोर आत ओढून नाव खुंटांपासून मागं घेतली होती. आखूड दोरानं नांगर उपटतो हे त्यांच्या लक्षात होतं, म्हणून ते दोर बांधत नव्हते. हातात धरूनच बसले होते. नांगर जरा सरकला की हाताला कळायचं. मग ते थोडा दोर द्यायचे, तो परत रुतला की ओढून घ्यायचे.

"मी म्हणाले, पप्पांना उठवू? तर म्हणाले, नगं. ऐक, कसा घोरायलाय. आल्यापून रातभर अंगनात फिरतंय लेकरू. आज झोप लागलीय तर लागू दे."

मी सतरंजीवर बसलो.

"मग म्हणाले, तू दिवे बघ, मी दोर बघतो. आम्ही दोघांनी खूप वेळ बघितलं. मग मलाच झोप लागली. सकाळी मी सांगणार होते, पण त्यांनी नको म्हणून मान हलवली. नंतर म्हणाले, त्याची जागल हुती, चारचौघांत त्याची मान खाली नगं."

मी उठून मायकडं गेलो. ती चुलीपाशी भांडी आवरत होती. मी विचारलं, त्या वेळी आबांच्या हाताला काय झालं होतं. तिनं मान वर केली नाही.

"तळहात सोलले हुते. नायलॉनचा दोर. आठ दिस हळद लावली. पहाटं हात चालंनात तवा गाठ मारली म्हनले." मग ती म्हणाली, "तुला सांगू नको म्हनले. तू बी इचारलं न्हाईस."

मला आता सगळ्यात जास्त काय छळतं, तर त्यांना ओरडलो ते नाही. रागात माणूस ओरडतो. पण त्यांनी विचारलेल्या एका साध्या प्रश्नाचा मी टोमणा केला. सगळी रात्र हात सोलून घेऊन, नाव खुंटावर आदळल्यावर, मायला लागलेलं असताना, त्यांनी मला काय विचारलं? झोप झाली का. ते खरंच विचारत होते. त्यांना तेवढंच हवं होतं, बाकी सगळ्याची किंमत त्यांची मोजून झाली होती.

आणि झोप झाली होती. जहाजावर लागल्यापासून तशी झोप मला त्याआधी लागली नव्हती आणि त्यानंतरही लागलेली नाही. मान हलवून हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं. अजूनही घरी आलो की बाराला जाग येते आणि मी अंगणात येतो. बाज तिथंच आहे. थोडा वेळ फिरतो आणि मग बाजेकडं तोंड करून सांगतो, "झाली आबा, लय चांगली झाली."